तंजावरचे जिन्नस आणि माझे गुडघे

वयाच्या ५९ व्या वर्षी मी भरतनाट्यमच्या वर्गात नाव घातलं. वर्गातली माझ्या खालोखालची विद्यार्थिनी अकरा वर्षांची होती, सर्वांत धाकटी सात. शिकवणाऱ्या ताई माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान. मी त्यांना ‘ताई’ म्हणते, त्या मला ‘काकू’ म्हणतात आणि मुली कधी ‘काकू’ तर कधी ‘आजी’. नात्यांचा हा घोळ पहिल्या आठवड्यातच सगळ्यांच्या अंगवळणी पडला. माझ्या अंगवळणी पडायचं राहिलं ते बाकीचं सगळं.

ते ‘बाकीचं सगळं’ म्हणजे काय, हे इथे सांगायचा विचार आहे. शास्त्रीय नृत्याबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुधा रंगमंचापासून सुरू होतं : अमुक नर्तकीचं अरंगेत्रम, तिचा अभिनय, तिची तयारी. त्या अरंगेत्रमच्या आधीची सहा-आठ वर्षं मुलगी सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये नेमकं काय करत असते, याकडे कोणाचं फारसं लक्ष नसतं. मी मात्र तिथेच आहे, आणि वय पाहता तिथेच राहणार आहे. माझं अरंगेत्रम होणार नाही, हे मला आणि ताईंना पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. तीस वर्षं मराठी शिकवण्यात गेलेली असल्यामुळे ‘हे असंच का?’ असं विचारायची खोड जडली आहे. त्या खोडीपायी पायांबरोबर पुस्तकंही चाळली गेली, आणि शोध जिथे जाऊन पोचला ते गाव दूरचं असूनही ओळखीचं निघालं.

तासाची सुरुवात भूमिप्रणामाने होते. आता जिच्यावर आपण तासभर पाय मारणार, त्या जमिनीची आधीच क्षमा मागायची. मग ताई लाकडी ठोकळ्यावर तट्टुकळी, म्हणजे ताल धरायची आखूड काठी, वाजवतात आणि म्हणतात, ‘अरमंडी.’

‘अरै’ म्हणजे तमिळमध्ये अर्धं. अरमंडी म्हणजे अर्धं बसणं. टाचा एकमेकींजवळ, पावलं दोन दिशांना वळलेली, गुडघे बाहेर, पाठ ताठ आणि हात कमरेवर. समोरून पाहिलं तर दोन पायांमध्ये पत्त्यांतली चौकट दिसली पाहिजे. ऐकायला सोपं आहे. वाचकांनी मासिक बाजूला ठेवून एक मिनिटभर करून पाहायला हरकत नाही. मात्र भिंतीजवळ उभं राहावं.

ही चौकट खरोखर कुठून उघडते, हे कळायला मला दोन महिने लागले. गुडघे बाहेर न्यायचे म्हटल्यावर आपण गुडघ्यांनाच कामाला लावतो, आणि तिथेच चुकतं. गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा सांधा; त्याला वाकणं आणि सरळ होणं कळतं, पिळणं फारसं मानवत नाही. वळायचं काम खुब्याचं. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या वाटीत बसलेला असतो, आणि ती वाटी किती खोल आहे, तिचं तोंड कोणत्या दिशेला आहे, यावर पाय किती बाहेर वळणार ते ठरतं. मोठ्या माणसाचं हाड आता बदलत नाही. भोवतीचे स्नायू सैल होतात, बळकट होतात, पण वाटी तीच राहते. खुब्यातून जेवढं वळण मिळत नाही तेवढं नवशिका गुडघ्यातून आणि घोट्यातून उसनं घेतो. पावलं ऐटीत बाजूला वळलेली दिसतात, गुडघे मात्र पुढे घसरलेले असतात. वर्षभराने हे उसनं सव्याज फेडावं लागतं. तपासायची खूण साधी आहे : वाकल्यावर गुडघ्याची वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आली पाहिजे. येत नसेल तर पावलं तेवढी कमी वळवायची.

माझ्या उजव्या गुडघ्याची झीज सुरू झाल्याचं एक्स-रेत आधीच दिसलं होतं. डॉक्टरांनी अर्धं बसायला परवानगी दिली, पूर्ण बसायला नाही. म्हणजे मुळुमंडी, ज्यात टाचांवर पूर्ण बसतात, ती माझ्यासाठी बंद. माझी चौकट अरुंद असते. मी पहिल्यांदा ओशाळून तसं म्हटलं तेव्हा ताई म्हणाल्या, ‘काकू, प्रत्येकीची चौकट तिच्या मापाची. फक्त वर उठू नका.’

हे वर उठणं हाच नवशिक्यांचा सार्वत्रिक दोष आहे, आणि त्याचं कारण तीन काळांत आहे. अडवू म्हणजे भरतनाट्यमचं मूळ एकक : पायाची चाल, हाताची मुद्रा, अंगाची ठेवण आणि नजर यांची एक लहानशी गाठोडी. प्रत्येक गाठोडीला तिचे बोल असतात. पहिला तट्ट अडवू ‘तैया तै’. तमिळमध्ये ‘तट्टु’ म्हणजे ठोकणं, आणि या अडवूत तेवढंच असतं : पाऊल मागे उचलायचं आणि सबंध तळवा एकदम जमिनीवर टाकायचा. पुढे नाट्ट अडवू ‘तैयुम् तत् तत् तैयुम् ता’. यात टाच रोवायची असते, पाय लांबवायचा असतो, आणि त्याच क्षणी हात उघडायचे असतात. प्रत्येक अडवू तीन काळांत करायचा. ठोकळ्यावरची काठी आपल्याच गतीने पडत राहते. पहिल्या काळात जे एका मात्रेत, ते दुसऱ्यात अर्ध्या मात्रेत, तिसऱ्यात पाव मात्रेत. दुप्पट, चौपट. पहिल्या काळात स्नायू दुखतात, कारण खाली बसून वाट पाहायची असते. तिसऱ्यात वेळच नसतो, आणि शरीर आपोआप सोपी वाट शोधतं : चौकट मिटवून सरळ उभं राहून पाय मारायचे. ताईंनी एकदा माझ्या डोक्यावर माझीच वही ठेवली. पहिल्या काळात ती राहिली, दुसऱ्यात डुगडुगली, तिसऱ्याच्या पहिल्या आवर्तनातच खाली आली. मुली पोट धरून हसल्या. मग ताईंनी त्यांच्याही डोक्यावर वह्या ठेवल्या, आणि एकीचीही टिकली नाही.

हातांची कथा वेगळी. ‘अभिनयदर्पण’ या ग्रंथात एका हाताच्या २८ मुद्रा सांगितल्या आहेत आणि मुली त्या पाढ्यांसारख्या म्हणतात. पहिली पताका, सगळी बोटं सरळ. दुसरी त्रिपताका, यात फक्त अनामिका वाकवायची. इथे मी तीन आठवडे अडकले होते. अनामिका वाकवली की करंगळी तिच्यामागे येते, मधलं बोट ढिलं पडतं. दोष माझ्या बुद्धीचा नव्हता. हाताच्या पाठीवरून बोटांकडे जाणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या आडव्या बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात, आणि त्यात सर्वांत जखडलेली असते अनामिका. तिला एकटीला हलवणं म्हणजे एकत्र कुटुंबातल्या मधल्या सुनेला एकटीला सिनेमाला पाठवण्यासारखं आहे. बाकीच्यांना समजावत राहावं लागतं, मग कधीतरी जमतं.

एका गुरुवारी तास संपल्यावर मी ताईंना विचारलं, ‘आधी तट्ट, मग नाट्ट, मग पुढचे, हा क्रम कोणी लावला?’ त्या म्हणाल्या, ‘आमच्या गुरूंनी असं शिकवलं. त्यांना त्यांच्या गुरूंनी. दुसऱ्या बाण्यांत थोडं वेगळं असतं.’ बाणी म्हणजे घराणं. उत्तर प्रामाणिक होतं, पण माझं समाधान झालं नाही, आणि मी ग्रंथालयाची वाट धरली.

नृत्यावरच्या जुन्या ग्रंथांचा एक मोठा थांबा आपल्याच मातीत आहे. शार्ङ्गदेवाने १३ व्या शतकात यादवांच्या देवगिरीत ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्याचा शेवटचा अध्याय नर्तनाचा आहे. पण अडवूंचा माग काढायचा तर तंजावरला जावं लागतं. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १७ व्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे राज्य स्थापलं आणि ते इंग्रजांनी १८५५ मध्ये खालसा केलं, एवढं शाळेत वाचलेलं असतं. त्या घराण्यातले तुळजाराजे १७२८ ते १७३६ या काळात गादीवर होते. त्यांच्या नावावर ‘संगीत सारामृत’ हा संस्कृत ग्रंथ आहे. या ग्रंथाच्या नृत्तप्रकरणात अडवू येतात, आणि ज्या विभागात येतात त्याचं नाव आहे ‘श्रमविधी’.

या शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. श्रमविधी म्हणजे सरावाची रीत. शास्त्रग्रंथ लिहिणाऱ्याला रस, भाव, नायिकाभेद यांवर लिहिण्याची हौस असते. नवशिकीने पाय कसा मारावा हे लिहायला सहसा कोणी बसत नाही. तुळजाराजांनी ते लिहिलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अडवूंना संस्कृत नावं देताना त्यांची प्रचारातली देशी नावंही शेजारी नोंदवली. संस्कृत नाव हालचालीचं वर्णन करतं; देशी नाव म्हणजे शिकवणारा काठी आपटत जे ओरडतो ते. ही देशी नावं पोथीत आली म्हणजे कोणीतरी तालमीच्या जागी बसून ऐकलं असणार, निदान तिथल्या माणसाला बोलावून विचारलं असणार. हा माझा तर्क आहे, पण तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या बाईला पाहून लिहिलेलं आणि ऐकून लिहिलेलं यातला फरक थोडाफार कळतो.

तुळजाराजांनंतर दोन पिढ्यांनी दुसरे सरफोजी आले. त्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणारे, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा मराठी इतिहास कोरून घेणारे हेच राजे. त्यांच्या दरबाराशी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार भाऊ निगडित होते. मुत्तुस्वामी दीक्षितारांचे हे शिष्य, नृत्याच्या इतिहासात ‘तंजावर चतुष्टय’ म्हणून ओळखले जातात. आजच्या कार्यक्रमाचा जो क्रम आहे, अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना, त्याला घाट देण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. नवशिकी मुलगी अडवू घोटते ती या क्रमातल्या पहिल्या जिन्नसापर्यंत, अलारिप्पूपर्यंत, पोचावं म्हणून.

‘जिन्नस’ हा शब्द मी सहज वापरलेला नाही. सरफोजींच्या नावावर मराठी नृत्यरचनांचा एक संग्रह आहे. त्याचं नाव ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’. कोर्वै म्हणजे तमिळमध्ये गुंफण, ओवणं. आपण वाण्याच्या यादीत लिहितो तोच जिन्नस हा शब्द तंजावरच्या दरबारात नाचाच्या बाबींसाठी वापरला जात होता, हे वाचून मला फार बरं वाटलं. या संग्रहात ‘निरूपणं’ आहेत. हा शब्दही ओळखीचा, कीर्तनातला. एका निरूपणात एकच कथा घ्यायची आणि जयजयपासून मंगलापर्यंत अठरा जिन्नसांतून ती सांगत न्यायची. आजच्या कार्यक्रमात प्रत्येक बाबीला राग बदलतो, विषय बदलतो. निरूपणात राग एक, ताल एक, आख्यान एक. सरफोजींना प्रयोगांची हौसच होती. त्यांच्या ‘देवेंद्र कोरवंजी’ या मराठी नाटकात भविष्य सांगणारी कोरवंजी चक्क जगाचा भूगोल सांगते.

हे जिन्नस पोथीत पडून राहिले असते. त्यांना पुन्हा पाय मिळाले ते मालवणकडून मुंबईत आलेल्या आचार्य पार्वतीकुमारांमुळे. त्यांनी या मराठी रचनांचा अभ्यास करून त्या नृत्यात बसवल्या, ‘तंजावूर नृत्यप्रबंध’ हा ग्रंथ लिहिला, आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या रंगमंचावर नाचून दाखवल्या. आज पुण्या-मुंबईतल्या गल्लोगल्लीच्या वर्गांतून मुली गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात, काही दहावीच्या सवलतीच्या गुणांवर डोळा ठेवून बसतात (यात मला गैर काही वाटत नाही). त्या आणि त्यांचे पालक भरतनाट्यमला ‘साऊथचा डान्स’ म्हणतात. ते आहेच साऊथचं. उगाच त्यावर मराठीपणाचा हक्क सांगण्यात अर्थ नाही. पण त्या दक्षिणेतल्या एका दरबाराची एक भाषा मराठी होती, आणि तिथल्या राजाने नवशिक्यांच्या घामाला ग्रंथात जागा दिली, एवढं माहीत असायला हवं.

इथपर्यंत मी खुशीत होते. मग एक गोष्ट खटकू लागली. राजांची नावं मिळतात, चार भावांची मिळतात. तुळजाराजांनी जो श्रमविधी लिहिला, त्यातले श्रम कोणाचे? ज्यांच्या पायांवरून अडवू उतरवले गेले, त्या बायकांची नावं मला ‘सारामृता’त भेटली नाहीत. नावं भेटली ती बरीच उशिरा, आणि तीही बडोद्यात. १८८० साली सयाजीराव गायकवाडांचं लग्न तंजावरच्या मोहित्यांच्या मुलीशी झालं. त्या पहिल्या चिमणाबाई. त्या सोयरिकीमुळे तंजावरच्या नर्तकींचा ताफा बडोद्याला आला. गौरा आणि कांतिमती ही त्यातली दोन नावं. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे बडोद्याच्या विद्यापीठात कितीतरी विद्यार्थी घडवले. पण मूळ ताफा आला तो लग्नातल्या देण्याघेण्याचा भाग म्हणून. त्यासाठी मराठीत आंदण हा शब्द आहे. भांडी, दागिने, घोडे आणि नाचणाऱ्या बायका.

त्यानंतरची हकीकत बहुतेकांना माहीत आहे. देवदासींची प्रथा बंद करणारे कायदे झाले, मुंबई इलाख्यात १९३४ साली, मद्रास प्रांतात १९४७ साली. त्याच सुमारास ‘सदिर’ आणि ‘दासीआट्टम’ ही जुनी नावं मागे पडून ‘भरतनाट्यम’ रूढ झालं. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी चतुष्टयाच्याच कुळातल्या मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे शिक्षण घेऊन १९३५ साली नृत्य सादर केलं, पुढच्या वर्षी कलाक्षेत्र स्थापन केलं, आणि ब्राह्मण घरांतल्या मुलींसाठी दार उघडलं. प्रथा गेली हे चांगलंच झालं. पण प्रथेबरोबर त्या घरांतल्या बहुतेक मुलींचा नाचही गेला. बालसरस्वतींसारखी एखादी टिकून राहिली, आणि तिलाही पुष्कळ सोसावं लागलं.

हे वाचताना मला सांगलीचं आमचं घर आठवत होतं. १९७४ साल असेल. मी नऊ वर्षांची. शेजारी मद्रासहून बदली होऊन आलेलं एक कुटुंब राहायचं आणि त्या काकू अंगणात चार मुलींना शिकवायच्या. मी कुंपणातून पाहून ‘तैया तै’ पाठ केलं होतं. एकदा घरात पाय मारताना आजीने पाहिलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘आपल्याकडच्या मुली नाचत नाहीत.’ आणि विषय संपला. पन्नास वर्षं मी त्या वाक्याबद्दल आजीवर मनातून रुसून होते. मला वाटायचं, ते वाक्य माझ्या विरुद्ध होतं. आता दिसतं की त्यातला ‘आपल्याकडच्या’ हा शब्द बोलला जात होता तो दुसऱ्या कोणाकडे तरी बोट दाखवून. आणि आजीला ठाऊक नव्हतं, की मद्रासेत ‘आपल्याकडच्या’ मुली नाचू लागून तेव्हाच चाळीस वर्षं होत आली होती, आणि ज्यांच्याकडच्या मुली पिढ्यान्‌पिढ्या नाचत होत्या त्यांचं नाचणं थांबत आलं होतं. ती नाही म्हणाली त्यानेही माझं नुकसान झालं. तिने हो म्हटलं असतं, तरी माझ्यासाठी मोकळी झालेली ती जागा कोणाची होती, हे मला कोणी सांगितलं नसतंच.

ताईंना मी हे सगळं एकदा सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘मुलींना सांगाल का? सोप्या भाषेत.’ पुढच्या सोमवारी तासातली शेवटची दहा मिनिटं मला मिळाली. मी तंजावर, तुळजाराजे, जिन्नस सांगितले. गौरा आणि कांतिमती ही नावं दोनदा सांगितली. आंदणाचा अर्थ सांगताना अडखळले, तेव्हा अकरा वर्षांचीने विचारलं, ‘म्हणजे त्यांना विचारलं नव्हतं?’ मी म्हटलं, ‘नाही.’ ती म्हणाली, ‘मग त्या तिकडे जाऊनपण नाचल्या?’ मी म्हटलं, ‘हो.’ तिने पुढे काही विचारलं नाही.

सध्या नाट्ट अडवूचा सातवा प्रकार चालू आहे. गेल्या गुरुवारी दुसऱ्या काळात माझा पाय बरोबर पडत होता, चौकटही बरी राहिली होती, आणि मी जरा खुशीत येऊन समोरच्या आरशात पाहिलं. शेजारची सात वर्षांची मुलगी नाचता नाचता थांबली, माझा डावा हात धरला, आणि करंगळी सरळ करून अनामिका एकटी वाकवून दिली. ‘आजी, त्रिपताका,’ ती म्हणाली. ताईंनी काठी थांबवली.

‘पुन्हा,’ त्या म्हणाल्या. ‘पहिल्या काळापासून.’